लिनक्स कर्नेलमधील जीपीआयओ पिनांची कमाल मर्यादा कशी वाढवावी

एखाद्या बोर्डाला आयटूसी एक्सपांडर, म्हणजे आयटूसी या दोन तारांच्या बसवरून जादा पिन पुरवणाऱ्या चिपा, एकामागून एक जोडत गेलात, पहिले अठरा विनातक्रार ओळखले गेले आणि एकोणिसावा मात्र काही केल्या नोंदवलाच जात नाही, अशी वेळ आली तर दोष तारेत किंवा चिपमध्येच असेल असे धरून चालू नका. जुन्या लिनक्स कर्नेलमध्ये संपूर्ण यंत्रणेत मिळून किती जीपीआयओ लाइन, म्हणजे सॉफ्टवेअरने वाचता किंवा चालू-बंद करता येणाऱ्या सर्वसाधारण पिन, असू शकतात याला एक ठरावीक कमाल आकडा होता, आणि तो संपला की पुढच्या चिपला जागाच मिळत नसे. हा आकडा वाढवायला मोजक्या ओळींचा बदल पुरतो. मात्र तो नेमका कुठे करायचा हे सहज सापडत नाही, आणि केल्यावर जुन्या स्क्रिप्टांमधले क्रमांक मुकाट्याने चुकीचे होतात. या दोन अडचणी सोडवणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

एक सूचना आधीच देतो. आज्ञांची, फाइलींची आणि पर्यायांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत टंकावीत.

काय काय हाताशी हवे

बोर्डावर सध्या चालणाऱ्या कर्नेलचाच, म्हणजे त्याच आवृत्तीचा आणि त्याच पुरवठादाराचा, मूळ सोर्स कोड. तो कर्नेल ज्या ‘.कॉन्फिग’ फाइलीवरून बांधला गेला ती फाइल. बोर्डाच्या प्रोसेसरसाठीचा क्रॉस कंपायलर, म्हणजे तुमच्या संगणकावर चालून बोर्डासाठी कोड बांधणारा कंपायलर. मेक, बायसन, फ्लेक्स, बीसी आणि ओपनएसएसएलच्या विकास फाइली. बोर्डाशी जोडलेला सीरियल कन्सोल. आणि जुन्या कर्नेलची चालू स्थितीतली प्रत, जिच्यावरून बूटलोडरमधून, म्हणजे कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममधून, पुन्हा बूट होता येईल. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर कामाला हात घालू नका, कारण नवा कर्नेल सुरूच झाला नाही तर परतीची वाट तेवढीच असते.

१. आधी कर्नेलची आवृत्ती पाहा

‘यूनेम -आर’ ही आज्ञा द्या. उत्तर ६.२ किंवा त्यापुढचे असेल तर ही मर्यादा तुमच्या कर्नेलमध्ये अस्तित्वातच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात आली, त्यामुळे तुमच्या अडचणीचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल. दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडलेल्या आवृत्त्यांपैकी ५.४, ५.१०, ५.१५ आणि ६.१ यांत ती आहे, तर ६.६ आणि ६.१२ यांत नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी बोर्डासोबत दिलेले कर्नेल बरेचदा ६.२ हून जुने असतात, म्हणून हा प्रश्न अजूनही अनेकांना भेटतो.

तुमच्या बोर्डाला ६.६ वर नेणे शक्य असेल, तर माझ्या मते पुढचे काहीही न करता तेच करावे. ज्यांना पुरवठादाराच्या जुन्या कर्नेलवरच राहणे भाग आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या आहेत.

२. दोष याच मर्यादेचा आहे याची खात्री करा

मर्यादा वाढवून पाहू, झाले तर झाले, अशा विचाराने हे काम करू नये, कारण त्याचे परिणाम संपूर्ण यंत्रणेवर होतात. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलचा लॉग उघडा आणि त्यात ‘जीपीआयओ’ शोधा. मर्यादा संपलेली असेल तर ‘कॅनॉट फाइंड फ्री रेंज’ असा संदेश आणि त्याच्या आसपास नोंदणी फसल्याची ओळ उणे २८ या क्रमांकासह दिसते. उणे २८ म्हणजे जागा शिल्लक नाही. ही खूण मिळाली की निदान पक्के समजा.

इतर क्रमांकांचा अर्थ वेगळा आहे आणि नवख्यांची गल्लत इथेच होते. उणे १६ म्हणजे मागितलेली क्रमांकांची पट्टी आधीच दुसऱ्या चिपकडे आहे; दोन ड्रायव्हरांनी एकच ठरावीक आरंभक्रमांक मागितला की हे घडते, आणि मर्यादा कितीही वाढवली तरी ते सुटत नाही. उणे ५१७ हा खरे तर दोषच नाही: ड्रायव्हर एखाद्या दुसऱ्या घटकाची वाट पाहत आहे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करील, एवढेच तो सांगतो. उणे २२, म्हणजे अवैध मूल्य, हे मर्यादेबाहेरचा क्रमांक वापरल्यावर येते हे खरे. पण मर्यादेच्या आतला, कोणत्याही चिपकडे नसलेला क्रमांक सिसएफएसमधून, म्हणजे ‘/सिस’खालच्या फाइलींतून, मागितला तरीही तेच येते, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नका.

३. हिशेब मांडा

मर्यादा कशी संपते हे एकदा आकड्यांत पाहिले की पुढचे सगळे सोपे जाते. कर्नेल प्रत्येक जीपीआयओ लाइनला शून्यापासून सुरू होणाऱ्या एकाच सामाईक क्रमात पूर्णांक देतो. प्रोसेसरच्या आतील नियंत्रकांचे ड्रायव्हर पुष्कळदा खालचे क्रमांक ठरवून घेतात. ज्यांना विशिष्ट क्रमांक नको असतो अशा चिपांना, म्हणजे मुख्यतः बाहेरून जोडलेल्या एक्सपांडरांना, ६.२ पूर्वीचा कर्नेल वरच्या टोकापासून खाली येत पहिली मोकळी सलग पट्टी देतो.

समजा मर्यादा ५१२ आहे आणि प्रोसेसरमध्ये प्रत्येकी ३२ लाइनचे ७ नियंत्रक आहेत. त्यांनी ० ते २२३ हे क्रमांक घेतले. उरले २८८. पीसीए९५५५ किंवा एमसीपी२३०१७ या एक्सपांडरांवर प्रत्येकी १६ लाइन असतात. पहिल्याला ४९६ ते ५११, दुसऱ्याला ४८० ते ४९५ अशी पट्टी मिळत जाते आणि १८ एक्सपांडरांत २८८ संपतात. एकोणिसाव्याला उणे २८ मिळते. या दोन्ही चिपांना पत्ता ठरवणाऱ्या तीनच पिन असल्याने एका आयटूसी बसवर त्या आठच बसतात. म्हणजे इतके एक्सपांडर असणाऱ्या बोर्डावर तीन बस किंवा मल्टिप्लेक्सर (एका बसच्या अनेक शाखा करणारी चिप) असणार, आणि मल्टिप्लेक्सरवर संशय घेण्यात बराच वेळ वाया जाऊ शकतो.

तुमच्या बोर्डासाठी हीच बेरीज करा. ‘जीपीआयओडिटेक्ट’ ही आज्ञा प्रत्येक चिप आणि तिच्या लाइनची संख्या दाखवते. ती लिबजीपीआयओडी या साधनसंचासोबत येते. नोंदणी न झालेल्या चिपा त्या यादीत नसतात, त्यांच्या लाइन डिव्हाइस ट्रीवरून, म्हणजे बोर्डावरील हार्डवेअरचे कर्नेलला दिलेले वर्णन पाहून, मोजून मिळवा. येणाऱ्या बेरजेच्या वर पुढच्या विस्तारासाठी काही जागा ठेवा आणि १०२४ किंवा २०४८ यांपैकी पुरेल तो आकडा निवडा. पट्टी सलग लागते, म्हणून अगदी काठोकाठ आकडा ठेवू नये. अगदी मोठा आकडा देण्यातही अर्थ नाही: तिसऱ्या मालिकेतील जुन्या कर्नेलांमध्ये प्रत्येक संभाव्य लाइनसाठी स्मृती आधीच राखली जाते, मग लाइन असो वा नसो.

४. बदलापूर्वीची स्थिती जपून ठेवा

रूट अधिकाराने ‘/सिस/कर्नेल/डीबग/जीपीआयओ’ ही फाइल वाचा आणि तिचा मजकूर बोर्डाबाहेर साठवून ठेवा. तिच्यात प्रत्येक चिपसाठी एक शीर्षओळ असते: ‘जीपीआयओचिप७’, मग ‘४९६-५११’ ही पट्टी, मग ती चिप कोणत्या बसवर कोणत्या पत्त्याला आहे, आणि शेवटी तिचे नाव. त्याखाली सध्या वापरात असलेल्या लाइन, त्या कोणी घेतल्या आहेत, आत येणाऱ्या की बाहेर जाणाऱ्या आणि त्यांची पातळी उच्च की नीच, हे सगळे येते. फाइल सापडत नसेल तर ती दाखवणारी डीबगएफएस ही फाइल-यंत्रणा माउंट झालेली नाही किंवा कर्नेलमध्ये बंद आहे. काम झाल्यावर याच फाइलीशी नवी स्थिती ताडून पाहायची आहे, त्यामुळे ही पायरी टाळू नका.

५. मर्यादा सोर्समध्ये बदला

बहुतेक जण ‘मेक मेनूकॉन्फिग’ उघडतात, शोधात ‘आर्च_एनआर_जीपीआयओ’ हे या मर्यादेच्या पर्यायाचे नाव टाकतात, पर्याय सापडतो, त्याचे मूल्यही दिसते, पण बदलता येत नाही. मग ते ‘.कॉन्फिग’ फाइलीत हाताने १०२४ लिहितात, कर्नेल बांधतात, आणि अडचण जशीच्या तशी राहते.

असे होण्याचे कारण सरळ आहे. हा पर्याय केकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नेलच्या पर्यायांचे वर्णन असणाऱ्या फाइलींमध्ये, केवळ ‘इंट’ (पूर्णांक) असा घोषित केलेला आहे. त्याला वापरकर्त्याला विचारायचा प्रश्नच जोडलेला नाही. ज्या पर्यायाला प्रश्न नसतो त्याचे ‘.कॉन्फिग’मधले मूल्य कर्नेलची बांधणी-व्यवस्था मानत नाही. ती दर वेळी केकॉन्फिगमधल्या ‘डिफॉल्ट’ ओळींवरून ते नव्याने काढते आणि तुमची दुरुस्ती काहीही न सांगता पुसून टाकते. म्हणून बदल केकॉन्फिग फाइलीतच करावा लागतो.

सोर्सच्या मूळ निर्देशिकेतून ‘ग्रेप’ वापरून ‘आर्च_एनआर_जीपीआयओ’ हा शब्द सर्व केकॉन्फिग फाइलींमध्ये शोधा. ३२ बिटी आर्मसाठी तो ‘आर्च/आर्म/केकॉन्फिग’मध्ये आणि एक्स८६ साठी ‘आर्च/एक्स८६/केकॉन्फिग’मध्ये सापडतो. आर्मच्या फाइलीत ‘डिफॉल्ट’ ओळींची उतरती रांग असते: कोणत्या प्रोसेसर-कुटुंबाला २०४८, कोणाला १०२४, कोणाला ५१२, असे करत शेवटी ‘डिफॉल्ट ०’. या शून्यामुळे गोंधळू नका. शून्याचा अर्थ लाइन नाहीत असा नसून सर्वसाधारण हेडर फाइलीतला आकडा वापरावा असा आहे; तो पूर्वी २५६ होता आणि नंतर ५१२ झाला. तुमचे मूल्य ० दिसत असेल तर तुमची खरी मर्यादा त्या हेडरमध्ये, म्हणजे ‘इन्क्लूड/एएसएम-जेनेरिक/जीपीआयओ.एच’मध्ये पाहा.

आता आपली ओळ घाला. तुमच्या ‘.कॉन्फिग’मध्ये कोणते प्रोसेसर-कुटुंब चालू आहे ते बघा. समजा ते ‘आर्च_एमएक्ससी’ आहे. मग ‘डिफॉल्ट १०२४ इफ आर्च_एमएक्ससी’ अशी ओळ, शेजारच्या ओळींइतकाच टॅब ठेवून, तिच्याहून लहान आकड्यांच्या ओळींच्या वर लिहा. जागा महत्त्वाची आहे: केकॉन्फिग वरून खाली वाचत जातो आणि अट जुळणारी पहिली ओळ घेऊन थांबतो. एकाच कर्नेलमध्ये अनेक प्रोसेसर-कुटुंबे चालू असतील आणि तुमची ओळ खाली राहिली, तर वरची एखादी ५१२ ची ओळ आधी जुळेल.

दुसरा मार्ग म्हणजे ‘इंट’पुढे अवतरणचिन्हांत एक मजकूर लिहून त्या पर्यायाला प्रश्न जोडणे. मग तो मेनूत बदलता येतो आणि ‘.कॉन्फिग’मधले मूल्यही टिकते. वेगवेगळ्या बोर्डांसाठी वेगवेगळे आकडे हवे असतील तर हा मार्ग सोयीचा आहे. एकच बोर्ड असेल तर मी ‘डिफॉल्ट’ ओळच पसंत करतो, कारण वाचणाऱ्याला आकडा आणि त्याची अट एकत्र दिसतात. तुमच्या सोर्समध्ये हा पर्याय कुठल्याच केकॉन्फिगमध्ये नसेल, जसे ६४ बिटी आर्मच्या जुन्या कर्नेलांत होते, तर हेडर फाइलीतला आकडा बदलण्यावाचून इलाज नाही.

६. मूल्य लागू झाले का ते बांधणीपूर्वीच तपासा

‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवा आणि ‘.कॉन्फिग’मध्ये ‘कॉन्फिग_आर्च_एनआर_जीपीआयओ’ची ओळ पाहा. १०२४ दिसले तर ठीक. न दिसल्यास तुमच्या वरची कोणती ओळ जुळली ते शोधा.

क्रॉस कंपायलरने काम करणाऱ्यांनी येथे फार सावध राहावे. प्रत्येक ‘मेक’ आज्ञेसोबत ‘आर्च=आर्म’ आणि ‘क्रॉस_कंपाइल’ ही दोन्ही मूल्ये द्यायला हवीत. पहिले विसरलात तर ‘ओल्डडेफकॉन्फिग’ तुमच्या ‘.कॉन्फिग’ला स्वतःच्या संगणकाच्या प्रोसेसरसाठीची समजून सगळी फिरवून लिहितो आणि बोर्डाचे सारे पर्याय उडून जातात. म्हणून ‘.कॉन्फिग’ची प्रत आधीच वेगळ्या ठिकाणी ठेवलेली बरी.

याच टप्प्यावर ‘लोकलव्हर्जन’ या पर्यायात कर्नेलच्या नावापुढे स्वतःची खूण जोडा. ती शोभेची नाही. पुढच्या पायरीत तिचा खरा उपयोग आहे.

७. कर्नेलसोबत सर्व मॉड्यूलही नव्याने बांधा

फक्त कर्नेलची प्रतिमा बदलली, मॉड्यूल (कर्नेलमध्ये गरजेनुसार चढवले जाणारे ड्रायव्हरसारखे भाग) जुनीच राहू दिली, तर वरवर सगळे चालते आणि मधेच कुठेतरी एखादा ड्रायव्हर वैध क्रमांकालाही नाकारतो. क्रमांक वैध आहे की नाही हे तपासणारे ‘जीपीआयओ_इज_व्हॅलिड’ हे छोटे फंक्शन जुन्या कर्नेलांत हेडरमध्येच इनलाइन लिहिलेले आहे. म्हणजे कमाल आकडा प्रत्येक मॉड्यूलच्या आत बांधणीच्या वेळीच मुरलेला असतो. जुन्या मॉड्यूलच्या दृष्टीने मर्यादा अजूनही ५१२ च असते आणि ७०० क्रमांकाची लाइन ते अवैध ठरवते. मॉड्यूल आणि कर्नेल जुळतात की नाही हे पाहणाऱ्या आवृत्ती-तपासणीला असा केवळ आकड्यातला फरक कळत नाही.

‘लोकलव्हर्जन’मधली खूण इथे कामाला येते. नाव बदलले की मॉड्यूल वेगळ्या निर्देशिकेत जातात आणि जुनी मॉड्यूल चुकून उचलली जात नाहीत. कर्नेलच्या सोर्सबाहेर राहणारी, पुरवठादाराने वेगळी दिलेली किंवा तुम्ही स्वतः लिहिलेली मॉड्यूल मात्र आठवणीने वेगळी बांधावी लागतात. ज्या मॉड्यूलचा सोर्स मिळतच नाही, ते जुन्या मर्यादेतच अडकलेले राहील हे धरून चाला.

प्रतिमा, मॉड्यूल आणि डिव्हाइस ट्री बांधून झाल्यावर नवा कर्नेल जुन्याच्या जागी न टाकता शेजारी ठेवा आणि बूटलोडरमधून निवडून सुरू करा.

८. बूट झाल्यावर पडताळणी

‘यूनेम -आर’ने तुमची खूण दिसते का पाहा. कर्नेलमध्ये ‘/प्रॉक/कॉन्फिग.जीझेड’ची सोय चालू असेल तर ‘झेडकॅट’ने तीत प्रत्यक्ष चालू मूल्य वाचता येते. ‘डीमेसेज’मध्ये उणे २८ उरलेले नसावे आणि ‘जीपीआयओडिटेक्ट’मध्ये आधी गैरहजर असलेल्या चिपा दिसायला हव्यात. मग डीबगची तीच फाइल पुन्हा वाचून चौथ्या पायरीतल्या प्रतीशी ‘डिफ’ने ताडा. फरक पुष्कळ दिसतील, आणि त्यांचाच विचार पुढे आहे.

९. बदललेले क्रमांक

वाटप वरच्या टोकापासून होत असल्याने टोक सरकले की सगळी पट्टीच सरकते. मर्यादा ५१२ असताना पहिल्या एक्सपांडरचा आरंभ ४९६ होता. १०२४ केल्यावर तो १००८ झाला. त्यावरची ३ क्रमांकाची लाइन आधी ४९९ होती, आता ती १०११ आहे. ‘/सिस/क्लास/जीपीआयओ/एक्सपोर्ट’मध्ये ४९९ लिहिणारी स्क्रिप्ट आता एक तर अवैध मूल्याची तक्रार करील किंवा, एक्सपांडर पुष्कळ असतील तर, भलत्याच चिपची लाइन हलवील. त्या लाइनला रिले किंवा मोटर जोडलेली असेल तर याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. म्हणून नव्या कर्नेलवर पहिला बूट करताना बाहेरील भार तोडून ठेवा आणि बूट होताच चालणाऱ्या जीपीआयओ स्क्रिप्ट बंद ठेवा.

डिव्हाइस ट्रीमधून दिलेले संदर्भ या बदलापासून सुरक्षित असतात, कारण तेथे चिपचा निर्देश आणि तिच्यावरचा स्थानिक क्रमांक दिलेला असतो, सामाईक क्रमांक नव्हे. धोका फक्त सामाईक पूर्णांक थेट लिहिणाऱ्या स्क्रिप्टांना, प्रोग्रामांना आणि जुन्या ड्रायव्हरांना आहे. त्यांची यादी करा.

स्क्रिप्ट दुरुस्त करताना ४९९ च्या जागी १०११ लिहून मोकळे होऊ नका. चिपा कोणत्या क्रमाने सापडतात यावरही आरंभ अवलंबून असतो. सिसएफएसवरच राहायचे असेल तर प्रत्येक चिपच्या निर्देशिकेतील ‘लेबल’ वाचून हवी ती चिप ओळखा आणि तिच्या ‘बेस’ फाइलीतल्या आकड्यात स्थानिक क्रमांक मिळवा. एकाच प्रकारच्या अनेक चिपा असतील तर लेबल सारखेच असू शकते, तेव्हा बसवरचा पत्ताही पाहावा लागतो.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे २०१६ मध्ये ४.८ या आवृत्तीत आलेला कॅरेक्टर डिव्हाइसचा, म्हणजे प्रत्येक चिपसाठी ‘/डेव्ह’खाली असणाऱ्या वेगळ्या फाइलीचा. तेथे चिप आणि तिच्यावरची लाइन एवढेच सांगायचे असते, आणि डिव्हाइस ट्रीत ‘जीपीआयओ-लाइन-नेम्स’ देऊन लाइनना नावे दिली तर क्रमांकांची गरजच संपते. मात्र एक फरक लक्षात ठेवा: सिसएफएसमधून एक्सपोर्ट केलेली लाइन अनएक्सपोर्ट करीपर्यंत तुमच्या ताब्यात राहते, तर ‘जीपीआयओसेट’ संपताच लाइन सोडली जाते आणि त्यानंतर तिची पातळी टिकेल याची हमी नसते. पातळी धरून ठेवायची असेल तर ती लाइन हाती ठेवणारी प्रक्रिया चालू राहायला हवी.

१०. बदल पुढच्या आवृत्त्यांत कसा न्यावा

केकॉन्फिगमधला बदल पॅच म्हणून, म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची फाइल करून, साठवा आणि त्याच्या वर्णनात तिसऱ्या पायरीतली बेरीज लिहून ठेवा, म्हणजे १०२४ हा आकडा कुठून आला हे पुढे कोणालाही कळेल. पाचव्या किंवा ६.१ च्या मालिकेत पुढची दुरुस्ती-आवृत्ती घेताना हा पॅच बहुधा तसाच लागतो. ६.२ किंवा त्यापुढे जाल तेव्हा तो लागणार नाही, कारण तो ज्या ओळींना चिकटतो त्याच तेथे उरलेल्या नाहीत. त्या वेळी तो जबरदस्तीने बसवू नका, सरळ वगळा. तेथे वाटपाची दिशाही उलटली आहे: खालचे ५१२ क्रमांक ठरावीक आरंभ मागणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांसाठी सोडून बाकीचे ५१२ पासून वर दिले जातात. रास्पबेरी पायवर ६.६ हा कर्नेल आल्यावर सिसएफएसमध्ये १७ क्रमांकाची लाइन ५२९ झाली ती यामुळेच. तेव्हा सामाईक क्रमांक लिहिलेली एखादी स्क्रिप्ट अजून शिल्लक असेल, तर ती त्या बदलापूर्वीच शोधून काढा.